पहिल्या स्टार्टला ऑइल प्रेशर उशिरा येतंय, दुरुस्ती करूनही तक्रार परत येतेय: इंजिन उतरवण्याआधी काय बघाल?

तक्रार साधारण अशी असते. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सेल्फ मारून चालू केली की ऑइलचा लाल दिवा लगेच विझत नाही. सहा-सात सेकंद जातात, कधी दहा. तेवढ्या वेळात वरून टकटक ऐकू येते, एखाद्या गाडीत खालून जड ठोके येतात, मग दिवा विझतो आणि इंजिन गप्प होतं. दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेणारे टेम्पो, खानापूर-जांबोटी रस्त्यावरच्या जीपगाड्या, संकेश्वर-चिकोडी पट्ट्यातले उसाचे ट्रक, अशा तीन-चार लाख किलोमीटर झालेल्या डिझेल गाड्यांत हे जास्त दिसतं.

पुढचंही ठरलेलं. मेस्त्री फिल्टर बदलतो, थोडं जाड ऑइल घालतो. पंधरा दिवस बरे जातात. तक्रार परत आली की ऑइल पंप बदलायचा, आणि तरीही आली की ‘हाफ इंजिन करूया’, म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती. मालकाचा खिसा रिकामा होतो आणि कधी कधी दिवा तसाच जळत राहतो.

म्हणून माझा आग्रह एकच असतो. दिवा किती वेळ जळतो हे सांगा, पण त्याहून आधी सांगा की दुरुस्तीनंतर तक्रार परत कधी आली. लगेच दुसऱ्या सकाळी, ऑइलची पातळी उतरल्यावर, की पातळी चढल्यावर? या तिन्हींची कारणं वेगळी असतात, आणि ती शोधायला बहुतेक वेळा इंजिन उतरवावं लागत नाही.

थंडीला दोष देऊ नका

‘डिसेंबरात ऑइल गोठतं’ हे बेळगावात हमखास ऐकायला मिळतं. आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे १२-१४ अंश. ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातल्या १५डब्ल्यूचा अर्थ उणे २५ अंशालाही ते पंपाला ओढता यावं इतपत पातळ राहतं. २०डब्ल्यूची हीच अट उणे २० अंशाला आहे. तेव्हा १२ अंशाला ऑइल घट्ट होऊन पंपापर्यंत पोचत नाही, हे निरोगी इंजिनात होत नाही. थंडीत दिवा जास्त वेळ जळत असेल तर ओढण्याच्या वाटेत काहीतरी अडथळा किंवा गळती आहे आणि थंडी ती फक्त उघडी पाडतेय.

जाड ऑइलच्या उपायाचंही तसंच. ४० श्रेणीचं ऑइल १०० अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ५० श्रेणीचं १६.३ ते २१.९. त्यामुळे गरम इंजिनात काटा थोडा वर दिसतो आणि मालक खूश होतो. पण पहाटे तेच ऑइल पंपाच्या ओढीच्या तोंडावरच्या अर्धवट तुंबलेल्या जाळीतून आणखी सावकाश येतं. ज्या वेळेची तक्रार आहे ती वेळच बिघडते.

आधी मोजा

दिव्यावर विसंबून निदान करू नये. दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ बारच्या दरम्यान कुठेतरी सुटतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ एवढाच की काहीतरी प्रेशर आलं. आणि स्विचच आळशी झाला असेल, आतली पट्टी काजळीने चिकटत असेल, तर प्रेशर वेळेवर येऊनही दिवा जळत राहतो. अशा गाडीत आवाज नसतो. ही खूण लक्षात ठेवा: दिवा दहा सेकंद जळतोय आणि इंजिन पहिल्यापासून शांत आहे, तर आधी स्विच बदलून बघा. वायरही तपासा. किल्ली चालू करून, इंजिन न लावता, स्विचची वायर काढली की दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून सोलली आहे.

स्विच काढून त्याच जागी हाताचा मीटर लावावा, ० ते १० बारचा चालतो. त्याचा अ‍ॅडॉप्टर आटे बघूनच घ्या, जबरदस्तीने बसवलेला अ‍ॅडॉप्टर ब्लॉकचे आटे खातो. मीटर रात्रीच लावून ठेवा, म्हणजे पहाटेचा पहिला स्टार्ट हातचा जाणार नाही. मीटर, दिवा आणि आवाज एकाच वेळी मोबाईलवर रेकॉर्ड करा. डोक्यात मोजलेले सेकंद कधीच खरे नसतात, आवाज सुरू झाला की माणूस भराभर मोजतो.

रेकॉर्डिंग तीनदा हवं. एक रात्रभर उभ्या गाडीचं. दुसरं गाडी गरम करून बंद केल्यावर पाच मिनिटांनी. तिसरं गरम गाडी तासभर उभी ठेवल्यावर. शिवाय गाडी पुरती गरम असताना आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न देता) आणि २००० आरपीएमला काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा.

निरोगी जुन्या इंजिनात पहाटे दोन-तीन सेकंदांत काटा उठतो. नुकताच रिकामा फिल्टर बसवला असेल तर आणखी थोडा वेळ चालतो. १५ सेकंदांत काटा हललाच नाही तर इंजिन बंद करा. अ‍ॅक्सिलरेटर मारून प्रेशर ‘आणायचा’ प्रयत्न करणारे ड्रायव्हर मी बघितले आहेत. कोरड्या बेअरिंगवर दोन हजार आरपीएम म्हणजे एका सकाळी महिन्याची झीज, आणि टर्बो असेल तर पहिला बळी तोच.

रोज सकाळीच, आणि फक्त सकाळीच

पाच मिनिटांनी लावली तर काटा लगेच उठतो, तासानेही ठीक, आणि रात्रीनंतर मात्र उशीर. गरम प्रेशर चांगलं. या गाडीत ऑइल रात्रभरात खाली उतरतंय.

इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं, कूलरमधलं आणि गॅलरीतलं, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांतलं, ऑइल तळाच्या ऑइलच्या भांड्याकडे, चेंबरकडे, यायला बघतं. फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक चकती असते, ती झडपेचं काम करते आणि फिल्टर भरलेला ठेवते. ती कडक झाली किंवा मुळातच नसली तर फिल्टर रिकामा होतो आणि पहाटे पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो. मोठ्या फिल्टरमध्ये लिटरभर ऑइल मावतं. आयडलवरच्या झिजक्या पंपाला ते भरायला सात-आठ सेकंद सहज लागतात.

तपासायला पैसे लागत नाहीत. रात्रभर उभी गाडी, सेल्फ न मारता, फिल्टर खोला. तोंड वर करून उभा बसणारा फिल्टर असेल तर तो जवळपास भरलेला निघाला पाहिजे. अर्धाही नसेल तर निदान झालं. आडवा किंवा उलटा बसणारा असेल तर खाली ट्रे धरा आणि किती ऑइल पडतं ते बघा. अशा बसवणीत सगळा भार झडपेवरच असतो, म्हणून तिथे सिलिकॉन रबराची चकती असलेला फिल्टर घ्यावा. साधं काळं रबर उष्णतेने लवकर ताठरतं. आट्याला आटा जुळतो म्हणून दुसऱ्या गाडीचा फिल्टर लावायची पद्धत आपल्याकडे फार आहे, विशेषतः गाव सोडून लांब असताना. आटा जुळेल, रबरी रिंगही जुळेल, आत झडप आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. दुकानातच बोट घालून बघा. तोंडाभोवतीच्या छोट्या भोकांच्या आत रबर लागलं पाहिजे.

फिल्टर बदलून महिना-दोन महिने बरं आणि मग हळूहळू सेकंद वाढत जातात, अशी गाडी बहुधा याच गटातली. फिल्टर भरलेलाच निघाला, तर काही इंजिनांत फिल्टरच्या बैठकीत वेगळा बॉल-स्प्रिंगचा वॉल्व्ह असतो, तो खोलून साफ करावा.

पातळी उतरली की तक्रार चढते

या गटाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

बेळगावजवळच्या कडोलीकडचा एक भाजीचा टेम्पो. चार सिलिंडर, जुना मेकॅनिकल डिझेल पंप, ऑइल खाणारा. दर खेपेला फिल्टर बदलला की तक्रार जायची, तीन आठवड्यांनी परत यायची. मालकाची खात्री झाली होती की बाजारात सगळेच फिल्टर नकली येतात. पण फिल्टर बदलताना आणखी एक गोष्ट होत होती, जी कोणी लिहून ठेवली नव्हती. फिल्टरबरोबर ऑइलही वरच्या खुणेपर्यंत भरलं जायचं. तीन आठवड्यांत ते खालच्या खुणेवर यायचं. श्रेय मात्र फिल्टरला मिळायचं.

तपास सोपा होता. पातळी खालच्या खुणेवर असताना पहाटेचं रेकॉर्डिंग केलं. त्याच दिवशी फिल्टरला हात न लावता ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं, एक थेंबही वर नाही, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा रेकॉर्डिंग. दहा सेकंदांचे तीन झाले. शिवाय पातळी कमी असताना काटा उठल्यावर थोडा वेळ थरथरत होता. थरथरणारा काटा म्हणजे पंपात ऑइलबरोबर हवा येतेय.

चेंबर उतरवलं. जाळीपासून पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडावर एक ओ-रिंग असते. ती कडक, चपटी, वाकवली की मोडणारी झाली होती. ऑइल पुरेसं असताना जोड ऑइलखाली बुडलेला राहायचा, म्हणून हवा आत जात नव्हती. पातळी उतरली की जोड उघडा पडायचा. चिरलेल्या नळीने उसाचा रस ओढताना जशी नुसती हवाच तोंडात येते, तसं पंपाचं होत होतं. रात्री पाइप रिकामा व्हायचा आणि पहाटे आधी हवा निघून जायची वाट बघावी लागायची. ओ-रिंगची किंमत किरकोळ, चेंबर उतरवून बसवण्याची मजुरी तेवढी गेली.

सगळ्या इंजिनांत हा जोड ऑइलखाली नसतो. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) तोंडावर पंप असलेल्या इंजिनांत तो कायमच वर असतो, तिथे पातळीचा फरक इतका स्पष्ट दिसत नाही. मग काट्याची थरथर आणि डिपस्टिकवरचा फेस या खुणांवर भर द्यावा. घाट चढताना, किंवा उतारावर तोंड करून रात्रभर उभी केल्यावर तक्रार वाढत असेल तर तीही ओढण्याच्या बाजूचीच खूण. पाइपला वेल्डिंगच्या जागी केसाएवढी चीर असू शकते. एक तोंड बोटाने बंद करून, पाइप डिझेलमध्ये बुडवून फुंकला तर बुडबुडे दिसतात.

चेंबर उतरवलंच आहे तर आणखी दोन गोष्टी बघितल्याशिवाय बसवू नका.

पहिली, चेंबरचा तळ. खाणीजवळचे रस्ते, उसाच्या फडातल्या चाकोऱ्या, गावागावांतले बेढब स्पीडब्रेकर यांवर पत्र्याचं चेंबर खालून ठेचतं. बाहेरून ‘थोडा पोचा’ दिसतो, आत तो जाळीला जवळजवळ टेकलेला असतो. किती अंतर उरलंय ते बघायला मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा गोळा जाळीवर ठेवा, चेंबर जागेवर दाबा, काढा, दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. कंपनीच्या मापापेक्षा कमी भरली तर चेंबर ठोकून सरळ करा. गोळा काढायला विसरू नका.

दुसरी, जाळी. तिच्यावर काळा गाळ असतोच, पण बऱ्याचदा त्यात सिलिकॉन पेस्टचे लांब धागे अडकलेले सापडतात. आधीच्या कामात कोणीतरी गॅस्केटऐवजी पेस्ट भरभरून लावलेली असते. बाहेर जेवढी पिळून आलेली दिसते तेवढीच आतही आलेली असते, आणि आतली तुटून जाळीवर बसते. हे धागे ओढीने चिकटतात आणि इंजिन बंद झालं की सुटून खाली पडतात, म्हणून दोष कधी असतो कधी नसतो. पेस्ट लावायचीच तर दोन-तीन मिलिमीटरची एकच अखंड रेघ, आणि वाळायला दिलेला वेळ पूर्ण. ‘लगेच गाडी द्या’ म्हणणाऱ्या मालकाला चहाला पाठवा.

पातळी कमी होत नाही, उलट वाढतेय

ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनात पातळी तशीच राहिली किंवा वर गेली तर आनंद मानू नका. त्यात डिझेल उतरतंय. गळकं नोझल, फीड पंपाचा फाटलेला डायफ्रॅम किंवा झिजलेलं सील, हे नेहमीचे रस्ते. पातळ झालेलं ऑइल झिजक्या पंपाच्या फटीतून मागे निसटतं, उठायला वेळ लागतो, आणि गरम प्रेशरही पडतं. ऑइल बदललं की आठ-दहा दिवस सगळं झकास, मग पुन्हा उतरती कळा, ही या रोगाची चाल.

डिपस्टिकचा थेंब बोटांत चोळून वास घ्या. साध्या शोषक कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा, मधल्या काळ्या डागाभोवती पातळ, पिवळट, रुंद कडं पसरलं तर संशय पक्का. ऑइल दुधी दिसत असेल तर विषय वेगळा, पाणी आलंय, गाडी चालवू नका. डिझेलचा रस्ता बंद केल्याशिवाय ऑइल बदलणं म्हणजे नवं ऑइल वाया घालवणं.

पंप आणि रिलीफ वॉल्व्ह

पंपाची चूक असते त्यापेक्षा तो जास्त वेळा बदलला जातो. चेंबर उघडं असताना झाकण काढून गिअरच्या डोक्यावर सरळ पट्टी ठेवा आणि फिलर गेजने फट मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर पंप राहू द्या. झाकणावर खोल ओरखडे असतील तर कधी कधी झाकण सरफेस करूनही भागतं. बेळगावच्या उद्यमबागेत असलं बारीक मशीनकाम जाणणारे कारागीर मिळतात. रिलीफ वॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या झडपेचा, पिस्टन ऑइल लावून भोकात सोडला की स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकत असेल तर बहुधा एखादा धातूचा कण त्याला अर्धवट उघडं धरून बसलाय. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवायचा जुगाड कोणी सुचवला तर हात जोडा. बंद वॉल्व्हमागची स्प्रिंग कितीही ताठ केली तरी काटा लवकर उठणार नाही.

खरोखर बेअरिंगच गेली असतील तर

तीन रेकॉर्डिंगमध्ये फारसा फरक नाही, गरम आयडलला काटा १ बारच्या खाली, २००० आरपीएमलाही दोनच्या आत घुटमळतोय, आणि थंड इंजिनात मात्र उठल्यावर बरा दिसतो. ऑइलची श्रेणी योग्य आहे, त्यात डिझेल नाही, स्विच आणि मीटर खरे आहेत. नेमके आकडे आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, पण हे चित्र झिजेचं आहे. बेअरिंगमधून निसटणारं ऑइल क्लिअरन्सच्या (बेअरिंग आणि क्रँकमधल्या फटीच्या) घनाच्या प्रमाणात वाढतं. क्लिअरन्स दुप्पट झाला की गळती आठपट होते. म्हणून ही इंजिनं बरीच वर्षं ठीक वाटतात आणि मग सहा महिन्यांत ढासळतात.

खात्रीसाठी जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. कात्रीने पत्रा कापू नका, कटरने कापा, नाहीतर कापताना पडलेला कीस बघून घाबराल. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा रिंग-लायनर-गिअरकडचा. न चिकटणारी करडी चमक बेअरिंगच्या वरच्या थराची. तांबूस चमक दिसली तर वरचा थर संपून आतला थर लागलाय, गाडी आहे तिथेच उभी करा.

क्रँक काढल्यावर शेलचं (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्यांचं) माप डोळ्यांनी ठरवू नका. जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून घ्या, गोलाई गेलेली असते. ग्राइंडिंग ०.२५ मिलिमीटरमध्ये निभावतं की ०.५० ला जावं लागतं हे त्यावरूनच ठरतं, आणि शेल ग्राइंडिंगनंतर घ्यावेत, आधी नाही. क्रँकमधल्या तिरप्या भोकांतला गाळ ब्रश घालून काढून घ्या. ग्राइंडिंगचा चुरा तिथेच बसतो आणि नवे शेल पहिल्याच दिवशी खातो.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी

हंगाम संपल्यावर शेडमध्ये लावलेले उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर दसऱ्यानंतर पहिल्यांदा लावताना वरचे सगळे नियम थोडे सैल होतात. चार-पाच महिन्यांत चांगली झडपही फिल्टर धरून ठेवत नाही आणि पंपही कोरडा पडतो. यावर निदान करत बसू नका, नीट सुरू करा.

मेकॅनिकल डिझेल पंपाच्या इंजिनात स्टॉपर (डिझेल तोडून इंजिन बंद करणारा) ओढून धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. मिनिटभर थांबा, सेल्फ गरम होतो. पुन्हा मारा. काटा हलला किंवा दिवा विझला की मगच स्टॉपर सोडून इंजिन लावा. कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाड्यांत स्टॉपर नसतो, तिथे इंधन कसं तोडायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे करा, हाताला येईल तो कनेक्टर ओढू नका. तीन-चार खेपांनंतरही काटा हलला नाही तर पंपाने ओढ सोडलीय. स्विच काढून त्या भोकातून प्रेशरच्या पंपाने स्वच्छ ऑइल भरा, गॅलरी आणि फिल्टर दोन्ही भरतात. जेवढं ऑइल आत गेलं तेवढी पातळी वाढते, म्हणून शेवटी डिपस्टिक बघून जास्तीचं काढून घ्या. चेंबर किंवा क्रँकचं काम करून इंजिन पहिल्यांदा लावतानाही हाच क्रम, टर्बोच्या ऑइलच्या नळीत थोडं ऑइल ओतून.